बावीस पावलं

मित्रांनो, काडेपेटीत सहज मावेन एवढाच माझा जीव, पण एक अख्खं विमान माझ्या भरवशावर आकाशात जायचं. मी रिसीव्हर आहे. खेळण्यातल्यापेक्षा जरा मोठ्या, खऱ्यासारख्या उडणाऱ्या छोट्या विमानाच्या पोटात मला बसवतात. उडवणाऱ्याच्या हातात ट्रान्समीटर असतो. तो जमिनीवरून सांगतो, ‘डावीकडे वळ’, ‘वर चढ’, आणि मी ते ऐकून विमानाकडून करवून घेतो. आता माझी एक कड फुटली आहे आणि माझी शेपटी तुटकी आहे. त्या शेपटीचीच गोष्ट मला सांगायची आहे. ती सांगताना मला लाज वाटणार आहे, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

कारखान्यात माझ्यावर डोळ्यांत तेल घालून काम झालं, असं मी नक्की म्हणेन. पुढे नाशिकच्या एका दुकानात काचेच्या कपाटात माझे बरेच महिने गेले. गिऱ्हाइकं यायची, मला हातात घ्यायची आणि परत ठेवायची. “आमच्या ट्रान्समीटरला हा चालणार नाही,” असं म्हणायची. त्यांचं बरोबरच होतं. प्रत्येक कंपनीच्या ट्रान्समीटरची बोली वेगळी असते. ज्याची बोली आपल्याला कळत नाही त्याचा हुकूम आपण काय पाळणार? पण नकार तो नकारच. शेजारचे सगळे विकले गेले आणि मी धूळ खात राहिलो.

मग एके दिवशी आलिमा आली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिचं हे पहिलंच विमान, आणि दोन महिन्यांनी तिच्या कॉलेजच्या विमान उडवणाऱ्या संघाची निवड होती. सोबत तिचे अब्बू, रहेमानभाई. अंबडच्या कारखान्यांमध्ये विजेच्या पॅनलची वायरिंग करण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेलेली. आलिमाने वहीत सगळं लिहून आणलं होतं.

“अब्बू, हे बघा. बोली आपल्या ट्रान्समीटरचीच आहे. चॅनल, म्हणजे हुकमाच्या वाटा, चार पाहिजेत, चार आहेत. बॅटरीपण जुळते.”

“आणि लांबवर ऐकू येईल ना याला?” रहेमानभाईंनी दुकानदाराला विचारलं.

“विमान डोळ्यांना दिसेनासं होईल तिथपर्यंत,” दुकानदार म्हणाला.

निवड अगदी चोख होती, मित्रांनो. पुढे जे झालं त्यात त्या मुलीच्या निवडीचा काडीचाही दोष नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण तेव्हा ते सांगायला कोणी नव्हतं.

इंदिरानगरच्या त्यांच्या घरात जेवणाच्या टेबलावर विमान तयार होत होतं. आलिमाची अम्मी, शकीलाबी, रोज कुरकुरायची. “आम्ही ताटं काय पंखांवर ठेवायची?” पण पंखाला डिंक लावताना दुसरं टोक धरून तीच उभी राहायची. त्या घरात मला फार बरं वाटलं. ट्रान्समीटरशी माझी गाठ घालून दिली तेव्हा माझा लाल दिवा आधी लुकलुकला आणि मग स्थिर झाला. आलिमाने टाळ्या वाजवल्या. माझं असं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं.

मला एक शेपटी आहे. जाडसर वायरच्या टोकाला अंगठ्याच्या पेराएवढा बारीक तुकडा, वरचं आवरण काढलेला. तीच माझी अँटेना. त्या बारीक तुकड्यानेच मी ऐकतो. विमानाचं पोट बंद करायच्या आदल्या दिवशी रहेमानभाईंची नजर तिच्यावर पडली. सत्तावीस वर्षं ज्या माणसाने एकही सोललेली वायर पॅनलमध्ये उघडी राहू दिली नाही, त्याला ते कसं पाहवणार? “काय कामं करतात लोक! सोलून तसंच सोडून दिलंय,” असं पुटपुटत त्यांनी खिशातून कटर काढला. अर्धा तुकडा छाटला, वर काळी स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची बारीक नळी, चढवली आणि ती गरम करून नीट बसवली. माझ्या डब्यातला चित्रं असलेला कागद तिथेच घडी करून पडला होता. तो उघडावा असं त्यांना वाटलं नाही. वायर कशी कापायची हे त्यांना कागदाने सांगायचं?

काम मात्र सुरेख झालं होतं. आणि मी अर्धा बहिरा झालो होतो.

दिवा तरीही लागला. टेबलावर ट्रान्समीटर हातभर लांब, तेवढं ऐकू न यायला काय झालं!

दुसऱ्या दिवशी गच्चीवर परीक्षा होती. ट्रान्समीटरवर त्याची ताकद कमी करणारं एक बटण असतं. ते दाबून तीस पावलं लांब जायचं, आणि तिथूनही विमानाची शेपूट हलली तर रिसीव्हर पास. रहेमानभाई विमान धरून उभे राहिले आणि आलिमा ट्रान्समीटर घेऊन मोठ्याने मोजत निघाली. पंधरापर्यंत ठीक होतं. अठराला आवाज विरळ झाला. एकविसाला मला काहीही ऐकू आलं नाही. बाविसाला पुन्हा ओझरतं ऐकू आलं, आणि मी जिवाच्या आकांताने विमानाची शेपूट हलवली.

“अब्बू, इथे कठडा आला. आठ पावलं राहिली. खाली मैदानात जाऊन करायचं का?”

“कशाला? चालतंय की मस्त!” रहेमानभाई म्हणाले. त्यांचं लक्ष विमानाकडे नव्हतंच. लेकीकडे बघत होते ते, कौतुकाने.

आणि मित्रांनो, कठडा आला म्हणून मला बरं वाटलं. जीव भांड्यात पडला माझा. आणखी आठ पावलं पडली असती तर मी नापास झालो असतो आणि पुन्हा त्या काचेच्या कपाटात गेलो असतो. हा माझा अपराध. शेपटी कापली जाताना मी काही करू शकत नव्हतो, पण गच्ची आखूड निघाल्याचा आनंद मात्र मला झाला होता.

रविवारी सकाळी पाथर्डीच्या पुढच्या माळावर आम्ही उडालो. पहिली फेरी झकास झाली. दुसरी जरा मोठी झाली, शेजारच्या शेतकऱ्याच्या, भिमाजींच्या, झेंडूच्या वावरावर गेली, आणि आलिमाचा आवाज तुटला. तिने वळायला सांगितलं असणार. मला कळलंच नाही. हुकूम तुटला की इंजिन आपोआप बंद पडतं, तसं ते पडलं आणि नाक खाली करून आम्ही सुटलो.

खाली भागुबाई फुलं तोडत होत्या, भिमाजींची बायको. पंखाचं टोक त्यांच्या भुवईला लागलं आणि झेंडूच्या पाटीत रक्ताचे थेंब पडले.

आलिमा धावत आली. “मावशी, मावशी, डोळा उघडता येतोय ना?”

“येतोय गं. लय नाय लागलं. रडू नको तू,” भागुबाई पदराने भुवई दाबत म्हणाल्या. भिमाजी मात्र तापले होते. “डोळा गेला असता म्हंजे? हे काय खेळणं हाय का?”

रहेमानभाईंनी हात जोडले. भागुबाईंना दवाखान्यात नेलं, दोन टाके पडले. आणि बाहेर पायरीवर, सगळ्यांसमोर, ते लेकीवर कडाडले, “लक्ष कुठे होतं तुझं? हात थरथरला तुझा, मी बघितला!”

आलिमा पिशवी उचलून चालू लागली. मी तिच्या पिशवीत होतो, मोडक्या विमानात. बॅटरी शाबूत होती आणि माझा दिवा लागलेला होता, अगदी स्थिर.

तिने संघासाठी नाव दिलंच नाही. आम्हाला खोक्यात भरून कपाटावर ठेवलं. तीन महिने मी तिथे पडून होतो आणि खाली घरात ती दोघं कामापुरतं बोलत होती. सगळं ठाऊक असलेला एकटा मी, तोही मूग गिळून बसलेला.

एका सकाळी आलिमा म्हणाली, “अब्बू, ते सामान कुणाला तरी देऊन टाका.” रहेमानभाईंनी खोका काढला. देण्याआधी सगळं नीटनेटकं करायची त्यांची सवय. मला पुसून डब्यात ठेवताना तळाचा कागद हाताला लागला, आणि तो या वेळी उघडला गेला. त्यावर माझं चित्र होतं. शेपटीच्या टोकाभोवती लाल गोल होता आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की हा भाग कापू नये.

त्यांनी माझी स्लीव्ह नखाने मागे सारली. खाली सरळ, स्वच्छ काप होता. आपल्या हातचा काप त्यांनी लगेच ओळखला.

मग उठून त्यांनी मला आणि तो कागद आलिमाच्या पुस्तकावर ठेवला. “बेटा, तुझा हात नव्हता चुकला. हे मी कापलं होतं. आणि गच्चीवर तू खाली जाऊ म्हणत होतीस, तेव्हाही मीच ऐकलं नाही.”

आलिमाने कागद वाचला, पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाली, “अब्बू, त्या दिवसापासून मी चहाचा कप उचलतानासुद्धा हाताकडे बघते. थरथरतोय का म्हणून.”

रहेमानभाईंनी लेकीचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दारात उभी असलेली शकीलाबी तोंड फिरवून आत गेली.

त्याच दिवशी ते भागुबाईंकडे गेले आणि भिमाजींसमोर म्हणाले, “चूक पोरीची नव्हती, माझी होती.” भागुबाईंच्या भुवईवर बारीक रेघ राहिली आहे. ती मिटणार नाही.

आता विमान दुरुस्त झालं आहे. त्याच्या पोटात नवा रिसीव्हर आहे, त्याच बोलीचा, अखंड शेपटीचा. मला आलिमाने हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. दिवा लागला म्हणून कुणावर डोळे झाकून विसंबू नका. कागद उघडून वाचा. आणि कठडा आला तर खाली मैदानात जा.

ते दोघं आता तसंच करतात. दर रविवारी माळावर पेटी उघडली जाते, रहेमानभाई विमान आलिमाच्या हाती देतात, ट्रान्समीटर घेऊन स्वतः चालू लागतात आणि मोठ्याने मोजतात. वीस, एकवीस, बावीस. इथे ते दर वेळी क्षणभर थांबतात. मीही झाकणात श्वास रोखून असतो.

मग ते पुढचं पाऊल टाकतात. तेवीस.