पोत्याला पान

मुलांनो, जरा डोळ्यांपुढं आणा. पानशेतला अजून धरण नाही, रस्त्याला एसटी नाही. गुंजवणीच्या काठाकाठानं बैलगाडीची वाट मार्गासनीत शिरते आहे. पहिल्याच घराच्या गोठ्यात पेंढा भरलेलं एक पोतं टांगलंय. पोत्यासमोर चिमाजी पाटील पाय रोवून उभे आहेत आणि उंबऱ्यावर त्यांची लेक फुला बसली आहे. दिसलं? मग पुढं ऐका.

पाटलांच्या साक्षीवरून गेनबा दरोडेखोराला सजा झाली होती. तो तुरुंगातून पळाला आणि त्यानं निरोप धाडला, की पाटलाला भेटायला येतोय. कशासाठी भेटणार, हे फुलालासुद्धा कळत होतं. सरकारनं पाटलांना पिस्तूल दिलं. ते चालवायला शिकवायला भोरहून जलाल हवालदार आले. पलटणीतून निवृत्त झालेला माणूस. बोलणं कमी, चहा जास्त.

"पाटील," हवालदार म्हणाले, "माणूस दोन हातांवर आला की नेम धरायला सवड न्हाई. पोरीला झाडावरचा आंबा दाखवता, तवा एक डोळा मिटता व्हय? बोट आपसूक जातं. पिस्तूल तसंच जाया पायजे. आन बघायचं त्याच्या हातांकडं. तोंड कुणाला मारत नसतं."

पिस्तूल रिकामं ठेवून सराव सुरू झाला. फुलानं मधेच "आला" म्हणायचं, की पाटलांनी कमरेचं पिस्तूल काढून पोत्यावर रोखायचं.

"आला," फुला म्हणाली.

पाटलांचा हात झटकन कमरेला गेला आणि पानसुपारीची चंची घेऊन परत आला. समोर कुणी उभं राहिलं की आधी पान द्यायचं, हे त्यांच्या हाताला जन्मापासून ठाऊक होतं. त्यांनी पोत्याला पान देऊ केलं.

"सुपारी बी द्या," हवालदार म्हणाले. "लांबून आलंय बिचारं."

फुलाची आई बनाबाई दारातून बघत होती. "पोत्याला पान," ती म्हणाली. "मला येवढ्या वर्सांत कदी इचारलं न्हाई."

हवालदारांनी चंची डावीकडं बांधायला लावली. मग डावा हात पान देऊ लागला. पण फुला चिकाटीची. सकाळी, दुपारी, पाटील दाढी करत असताना, बैलाला पाणी दाखवत असताना ती "आला" म्हणायची. हळूहळू तो शब्द पाटलांच्या उजव्या हातात जाऊन बसला. एकदा जेवताना फुला सहज म्हणाली, "गुराखी आला," आणि पाटलांनी पिठल्यावर पिस्तूल रोखलं.

"आता भरायला हरकत न्हाई," हवालदार म्हणाले. त्यांनी पिस्तुलात गोळ्या भरून दिल्या आणि ते भोरला गेले.

त्या दिवसापासून बनाबाईनं घरात तो शब्द बंद केला. पाव्हणे 'पोचायचे', पाऊस 'लागायचा', तापसुद्धा नुसता 'भरायचा'.

पुढं एका दुपारी बनाबाई शेतावर गेली होती. पाटील कमरेला पिस्तूल लावून गोठ्यात दोर वळत बसले होते, फुला उंबऱ्यावर सुपात तांदूळ निवडत होती. मागच्या कुडाच्या फटीतून एक माणूस आत शिरला आणि पाटलांपासून दोन हातांवर उभा राहिला. खांद्यावर कुऱ्हाड. गेनबाच तो.

पाटलांचा डावा हात आपसूक उठला आणि त्यानं चंची पुढं केली.

गेनबानं चंचीकडं पाहिलं. त्यालाही कुणाच्या दारचं पान नाकारायची सवय नव्हती. त्यानं कुऱ्हाड मेढीच्या खांबाला टेकवली.

"खातो," तो म्हणाला. "मग तुमचं बघतो."

त्यानं डाव्या तळव्यावर पान पसरलं आणि उजव्या बोटानं चुना लावू लागला. आपण कुणाला पान दिलं, ते आता पाटलांना उमगलं. पण उजवा हात मांडीवर तसाच पडून राहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

फुलानं गेनबाच्या तोंडाकडं पाहिलं नाही. तिनं त्याचे हात पाहिले. एकात पान होतं, दुसऱ्याला चुना लागला होता.

तिनं सूप खाली ठेवलं आणि रोज सकाळी म्हणायची त्याच आवाजात म्हणाली,

"आला."