शब्दयोगींचा तास आणि आजोबांचा फेरेट

रोवेना सग्डनच्या नोकरीचा फैसला शुक्रवारी साडेदहाला व्हायचा होता. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या एका डोंगरगावातल्या शाळेत तिला वर्ष होत आलेलं, पण मोठ्या बाई, म्हणजे मिसेस ऑल्डरसन, रोज कुरकुरायच्या. "तुमच्या वर्गात फार गलका असतो. शुक्रवारी तपासनीस येतील, त्यांच्यासमोर असंच झालं तर दुसरी शाळा बघा." आणि रोवेनाचा तर ह्याच पोरांत जीव अडकलेला.

विषय होता शब्दयोगी. वर, खाली, आत, मागे. खोक्यात एक वस्तू ठेवायची आणि ती कुठे आहे ते मुलांनी सांगायचं, एवढं सोपं. "घरून काहीतरी मऊ आण गं," असं तिनं केझाया मेटकाफला सांगितलं होतं. आता मेंढपाळाच्या घरात खेळणी कुठली? पोरीनं आजोबांचा फेरेट आणला. मुंगसासारखा लांबुळका, सशांना बिळातून हुसकावणारा, जिवंत.

"मऊच आहे, बाई," केझाया म्हणाली.

झाकण उघडलं आणि ते ध्यान पसार.

"कपाटामागे गेला."

"छे, पुस्तकांमधून आला. बाई, तुमच्या खुर्चीखाली बघा."

"दप्तरावरून उडी मारली त्यानं."

"कोणाच्या दप्तरावरून? पूर्ण सांगा," रोवेना सवयीनं म्हणाली. जित्याची खोड, दुसरं काय. ती स्वतः टेबलाखाली रांगत होती, पोरं बाकांवर नाचत होती.

मागे बसून टिपणं काढणाऱ्या तपासनीस ब्रेथवेटसाहेबांचं पेन मध्येच थांबलं. सगळ्या माना मागे वळल्या.

"साहेबांच्या पँटमध्ये," केझाया हळूच म्हणाली.

"डाव्या पायातून," मागून पुरवणी आली.

त्या मुलखातला माणूस, पँट पेटली तरी आधी माफी मागेल. साहेब लालबुंद झाले, पण हलले नाहीत. "माफ करा," ते म्हणाले, "तो गुडघ्याच्या वर सरकतोय."

"म्हणजे मांडीवर, साहेब?"

"मांडीवर नव्हे. मांडीला लागून."

झालं, हसण्याचा बांध फुटला. रोवेनाला तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसू आलं, आणि हसता हसताच तिला कळलं, गेली आपली नोकरी.

तेवढ्यात दार उघडलं. दारात मिसेस ऑल्डरसन. "मिस सग्डन, हा काय बाजार मांडलाय?"

रोवेनानं डोळे पुसले.

"एकही मूल गप्प नाही आणि एकाचंही उत्तर चुकलेलं नाही," ब्रेथवेटसाहेब खुर्चीत ताठ बसून म्हणाले. "मी 'उत्तम' असा शेरा लिहिलाय. आता दार लावून घ्या बाई, आमचा तास चाललाय."

दार लागलं. रोवेना होती तिथेच फरशीवर मांडी घालून बसली. साहेब पोरांकडे वळले.

"हं. पट्ट्याखाली पोचलाय. इथून तो कुठे जाईल, कोण सांगतं?"

सव्वीसच्या सव्वीस हात वर गेले.