वाऱ्याची बाजू

प्रेक्षक त्रेचाळीस, कुत्री दोन, घडीच्या खुर्च्या एकोणीस. कोपऱ्यांवरचे झेंडे चार. चारही ताठ, पूर्वेकडे.

सामन्याआधी मोजायची ही सवय ड्युगल रेनीला स्कॉटलंडमध्ये लागली. तिथे फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीत तो दोनशे बारा सामने खेळला. मग गुडघा गेला. मग तीन क्लबांचा मॅनेजर झाला आणि तिन्हीकडून निघाला. कॅनडात, रेजिना शहरातला हा चौथा क्लब, हे तिसरं वर्ष. घर म्हणजे एक बेसमेंट, त्यात एक ताट आणि एक कप. काल कमिटीची ईमेल आली होती: मोसमाच्या या शेवटच्या सामन्यात निदान बरोबरी, नाहीतर नवा मॅनेजर.

"आमच्याकडे याला नारळ देणं म्हणतात," उल्का म्हणाली. ती नागपूरची. इथल्या विद्यापीठातून नुकतीच फिजिक्सची पदवी घेतलेली, आणि हौसेने क्लबचे आकडे ठेवणारी.

"खरंच देतात नारळ?"

"नाही. नुसतं म्हणतात."

"मग आमच्यासारखेच तुम्ही. आम्ही 'सॅक' म्हणतो, पोतं कुणी देत नाही." तो किंचित हसला. आठवड्यात कुणाशी एवढं बोलणं झालं नव्हतं.

"कोच, टॉस जिंकलो तर कुठली बाजू घ्यायची?"

"नेहमीची. पहिला हाफ वाऱ्यासमोर. दुसऱ्यात पाय थकतात, तेव्हा वारा पाठीशी हवा."

सतराव्या वर्षी, समुद्राकाठच्या मैदानावर, त्याच्या पहिल्या कोचने हे शिकवलं होतं. तो म्हातारा कधीच गेला. त्याचं एवढंच वाक्य ड्युगलने बरोबर आणलं होतं.

उल्काने एक कागद पुढे केला. "इथे समुद्र नाही. इथला वारा उन्हाबरोबर चढतो, उन्हाबरोबर पडतो. या मोसमातले आपले संध्याकाळचे नऊ सामने मी मोजले. आठ वेळा मध्यंतरानंतर वारा निम्म्याच्याही खाली होता."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण आधी त्याच्याशी झगडतो. आपली पाळी येते तेव्हा तो घरी गेलेला असतो."

ड्युगलने कागद दोनदा वाचला. तीन वर्षं. फोन करून सांगावं असं कुणी आठवेना.

"आधी का नाही सांगितलंस, पोरी?"

"नऊ होईपर्यंत थांबले. तीन आकड्यांवर कोण बोलतं? आणि तुम्ही विचारलंही नाहीत."

"मी कुणालाच विचारत नाही."

"ते मोजायची गरज पडली नाही."

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली.

मैदानाच्या मध्यावर नाणं उडालं. कप्तान जयदीपने टॉस जिंकला आणि सवयीने पश्चिमेकडे तोंड करायची बाजू दाखवायला हात उचलला. मग रिवाज म्हणून त्याने कोचकडे पाहिलं. ड्युगलने मान हलवली: नाही. जयदीप हात तसाच धरून उभा राहिला. ड्युगल रेषेपर्यंत चालत गेला आणि स्वतःचा हात पूर्वेकडे केला. जयदीपने खांदे उडवले आणि पंचांना पूर्व सांगितली.

उल्काने वारा मोजायचं यंत्र डोक्यावर धरलं आणि वही उघडली.

पहिला हाफ: वारा ताशी एकोणतीस किलोमीटर, पाठीशी. आपला गोल एक, चौतिसाव्या मिनिटाला.

दुसरा हाफ: वारा ताशी सात किलोमीटर, समोरून. त्यांचा गोल एक, अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला.

निकाल: एक–एक.