तीस वजा, निम्मे

कागदावर आकडेमोड करणाऱ्या माणसांची मास्तरांना कीव येई. अठ्ठावीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. फॅरनहाइटचं सेल्सिअस करणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. मुलांनाही त्यांनी युक्ती देऊन ठेवली होती: तीस वजा करा, निम्मे करा, मोकळे व्हा! हवामानाच्या बातम्यांपुरती ती बरी चालायची.

म्हणूनच बायकोने विचारलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

"अहो, पुस्तकात शंभर फॅरनहाइट लिहिलंय आणि यंत्रावर आकडे सेल्सिअसचे. किती ठेवू?"

"पस्तीस."

"एकदा कागदावर मांडून बघता का?"

"आता तू मला शिकवणार?"

तिने मुकाट्याने काटा पस्तीसवर आणला. अंडी उबवायचं ते यंत्र तिने जुन्या बाजारातून मुद्दाम आणलं होतं. आत नऊ अंडी होती, तिच्या पांढऱ्या कोंबडीची. तिच्या बाकीच्या कोंबड्या भटक्या कुत्र्यांनी फस्त केल्या होत्या. उरलेली ही एक पांढरी, तीही आठवड्यापूर्वी आजारी पडून गेली. आता जे काही होतं ते या नऊ अंड्यांत होतं. प्रत्येक अंड्यावर तिने पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला होता. दिवसातून तीनदा ती अंडी फिरवी, आणि फिरवताना त्यांच्याशी बोलेही. मास्तर तिची थट्टा करत.

अठराव्या दिवशी मास्तरांना कणकण वाटली. त्यांनी कपाटातला जुना काचेचा थर्मामीटर काढला. त्याच्या एका कडेला फॅरनहाइट होतं, दुसऱ्या कडेला सेल्सिअस. पारा अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहावर थांबला होता, म्हणजे ताप नव्हताच. आणि समोरच्या कडेला आकडा होता सदतीस.

सवयीने त्यांनी मनात तीस वजा केले, निम्मे केले. चौतीस आले! आपल्याच युक्तीप्रमाणे मास्तर केव्हाच गार पडलेले होते. त्यांना आधी हसू आलं, मग ते एकदम थांबलं.

त्यांनी कागद घेतला. शंभरातून बत्तीस गेले, अडुसष्ट. पाचाने गुणलं, नवाने भागलं. जवळजवळ सदतीस पूर्णांक आठ!

बायको अंघोळीला गेली होती. मास्तर चोरपावलांनी यंत्रापाशी गेले आणि काटा वर सरकवला. कागद त्यांनी फाडून टाकला. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की जेवताना त्यांनी मान वर केली नाही. तिने विचारलं, "अंग दुखतंय का?" ते "हो" म्हणाले.

पिल्लं निघायचा एकविसावा दिवस गेला. बाविसावाही गेला. तेविसाव्या दिवशी एका अंड्याला आतून टोच पडली. बायको दिवसभर यंत्रापुढून हलली नाही. संध्याकाळी पिल्लू अर्धंमुर्धं बाहेर आलं आणि तिच्या तळहातावर मान टाकून मेलं. बाकीच्या आठ अंड्यांत तर काही हललंच नाही.

ती त्या पिल्लाला म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं गं. तुझ्या आईला काय सांगू?"

मास्तर शेजारीच उभे होते.

दुसऱ्या दिवशी शेजारीण चौकशीला आली. कोंबडा तिचा होता, त्यामुळे तिलाही घोर लागला होता.

"कोंबड्यात खोट नव्हती हो, वहिनी," ती दारातूनच म्हणाली.

"नाही हो, मीच कमी पडले. फिरवताना हात जड पडला असेल. यांनी तर आकडा पहिल्याच दिवशी काढून दिला होता."

त्या वाक्यात टोमणा नव्हता. असता तर मास्तरांना सोसला असता.

"आकडा चुकला होता," ते म्हणाले. "पस्तीस नाही, पावणेअडतीस हवं होतं. हिचं काही चुकलं नाही. मी चुकलो."

शेजारणीला अचानक घरचं काम आठवलं. ती गेल्यावर बायकोने विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर तयार होता.

"अठराव्या दिवशी."

ती यंत्राच्या काचेकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे मी त्या पिल्लाची माफी मागत होते, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो," मास्तर म्हणाले.