कोमट चहाची परीक्षा

साऱ्या जगात आगीला एकाच माणसाची भीती वाटत असे, आणि तो नरसिंह या क्षणी सुनेच्या स्वयंपाकघरात गुडघ्यांवर रांगत होता.

"अजून खाली, बाबा," सून म्हणाली. "ठमी एवढी उंच नाहीये."

ठमी म्हणजे नात. नुकतीच धरून उभी राहायला लागलेली आणि दिसेल ते ओढणारी. बाबा म्हणजे अग्निशमन दलातले निवृत्त अधिकारी. सून बस चालवायची. उद्या तिला कामावर रुजू व्हायचं होतं आणि ठमीला आजोबांकडे ठेवायचं की नाही, हे आज ठरणार होतं. ज्याच्या भरवशावर अख्खं शहर झोपायचं, त्याच्या भरवशावर एक नात ठेवताना चाचणी घ्यावी, हे बाबांना जरा झोंबलंच होतं.

"अगं, गोदामं विझवलीत मी, गोदामं!"

"विझवलीत ना. पण मला पेटल्यानंतर येणारा माणूस नकोय. बस हलवायच्या आधी मी खाली उतरून भोवती फेरी मारते. सीटवरून जे दिसत नाही, तेच चाकाखाली येतं. बोला, काय दिसतंय?"

बाबांनी मान वर केली. उभ्याने सभ्य वाटणारं स्वयंपाकघर खालून भलतंच होतं. गॅसवरच्या पातेल्याचा दांडा ओट्याबाहेर डोकावून 'ओढ की मला' म्हणत होता. किटलीची वायर लोंबत होती. टेबलक्लॉथचं टोक तर थेट नाकाशी.

त्यांनी दांडा भिंतीकडे वळवला, वायर मागे सारली, टेबलक्लॉथची घडी घातली.

"पास?"

"बघू. दमलात. चहा घ्या."

बाबा खुर्चीत बसले, ठमीला मांडीवर घेतलं आणि कप उचलला. दलातली सवय! घंटा कधी वाजेल याचा नेम नसायचा, म्हणून चहा आला की तिथल्या तिथे प्यायचा, मांडीवर काही का असेना. ठमीने झडप घातली. कप पालथा! सगळा चहा तिच्या पायांवर.

पुढच्या क्षणी ठमी नळाखाली होती. भिजलेले कपडे बाजूला, पायांवर गार पाण्याची धार. "बर्फ नको! मलम नको! नुसतं वाहतं पाणी! दवाखान्यात फोन लाव!" बाबा ओरडत होते. ठमी खिदळत होती. सून जागची हलली नव्हती.

"बाबा, चहा कोमट होता."

"मुद्दाम?"

"तुम्ही चहा कसा पिता, ते लग्न झाल्यापासून बघतेय मी."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. दलात त्यांनी एकाहून एक शूर माणसं पाहिली होती. आग लागायच्या आधीच तिथे जाऊन पोचलेलं माणूस हे पहिलंच.

"म्हणजे नापास."

"पाण्यात पैकीच्या पैकी. चहात भोपळा."

बाबांनी ठमीला पंच्यात गुंडाळलं. मग म्हणाले, "मांडीवर एका वेळी एकच. चहा नाहीतर ठमी."

सून हसली आणि उद्याचा गणवेश काढायला कपाटाकडे वळली.

"सूनबाई," बाबांनी घसा खाकरला, "मग जरा ठमीला धरतेस? एक कप गरम प्यावा म्हणतो."