एप्पीमावशी आणि डांबराचं पिंप

शब्दाचा अर्थ बदलायला शतकं जावी लागतात, असं पंडित सांगतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या कोळीवाड्यात तो एका दुपारी बदलला, आणि तोही घाबरून.

आमच्याकडे तेव्हा ‘विअर्ड’ म्हणजे नशीब. कपाळी लिहिलेलं, न टळणारं. शेजारचा वॅटी आपली नाव पाण्यात लोटत असताना माझी एप्पीमावशी जाळं विणता विणता म्हणाली, “नको रे जाऊस वॅटी. तुझं विअर्ड बसलंय त्या नावेत.”

“मग त्यालाही वल्हं देतो की, मावशे!” वॅटी हसला. गेला. बुडाला.

त्याच्या बायकोने मावशीवर चेटकाचा आळ घेतला. भविष्य सांगणं म्हणजे सैतानाशी संधान. शिक्षा, गळा आवळून जाळणं. चर्चच्या दारात डांबराचं पिंप आणून ठेवलं. जाळायला डांबर गावानेच द्यायचं असतं.

न्यायाधीश इंग्रज, आमचा मुलूख जिंकलेल्या फौजेबरोबर आलेला. “हे विअर्ड म्हणजे काय?” त्याने विचारलं.

खरं सांगावं तर मावशी जळणार; खोटं सांगावं आणि पकडलं जावं, तर पुढचं पिंप आपलं.

म्हातारा सँडर्स उठला. “हुजूर, म्हणजे... विचित्र. चमत्कारिक. ‘नाव विचित्र दिसतेय,’ म्हणाली ती.”

“खोटारडा मेला!” वॅटीची बायको किंचाळली.

न्यायाधीश आमच्या पाद्रीबाबांकडे वळला. “तुम्ही इथलेच. खरं का हे?”

मावशीने डोळे मिटले. पाद्रीबाबांनी पिंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपल्या बायकोच्या बाळंतपणाआधी तेही मागच्या दाराने मावशीला भविष्य विचारायला आले होते. दार मीच उघडलं होतं.

“खरं आहे,” ते म्हणाले. “विचित्रच.”

मावशी सुटली. भीती सुटली नाही. घरात कुणी चुकून ‘माझं विअर्डच असलं’ म्हणालं, की आई त्याच्या तोंडावर हात दाबायची आणि दाराकडे बघायची. दोन डोक्यांचं वासरू विअर्ड, हिरवा मासा विअर्ड. आमच्या पोरांना तेवढाच अर्थ माहीत.

पिंपातलं डांबर शेवटी नावांना फासलं. वॅटीच्या नावेला ते कित्येक वर्षांत लागलं नव्हतं. तळाची फळी कुजलेली आहे, हे तो बुडण्याआधीच सगळ्या गावाला दिसत होतं. पण दुसऱ्याच्या नावेला तोंडावर नाव ठेवू नये, अशी आमच्याकडे रीत आहे.