गयाबाईच्या नावाची डबी

"हलू नका आजी. श्वास घ्या. धरा."

गयाबाईने श्वास धरला. आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसीजवळच्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात टीबी तपासणीचं शिबिर होतं आणि रांगेत ती शेवटची. पाठीमागे तंत्रज्ञ साक्षी कॅमेऱ्याएवढं एक्स-रे यंत्र धरून उभी होती.

"सोडा."

लॅपटॉपवर छातीचं चित्र उमटलं. काही सेकंदांत संगणकानेच उजवीकडे वरच्या बाजूला लाल गोल काढला. गयाबाईच्या जिवात जीव आला. सापडलं म्हणजे झालं. आता गोळ्या तिच्याच नावावर येणार.

आठवड्यापूर्वी आशाताईंनी बेडक्यासाठी डब्या वाटल्या, तेव्हा तिला खोकला नव्हताच. खोकला सुनेला होता, चंचलला. दोन महिने झाले, संध्याकाळी अंगही कोमट लागायचं. विचारणाऱ्याला गयाबाई मिरचीचा ठसका सांगायची. स्वतःच्या नावाची डबी तिने पहाटे न्हाणीत चंचलच्या हातात दिली होती. "मशीन थुका पायते, तोंड नाई पायत," ती म्हणाली होती. डबी आदिलाबादला गेली आणि तिथल्या यंत्राने त्यात टीबीचे जंतू टिपले.

साक्षी बराच वेळ पडद्याकडे पाहत होती. मग तिने खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"आजी, हा डाग जुना हाये. वाळलेला. तुमच्या डबीत तं जंतूंचा बुजबुजाट निघाला."

"जुनं दुखनं पुन्हा उठलं असन."

"अन् खोकला नाई, ताप नाई, वजनबी तेवढंच? डब्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या मीच बदलवल्या म्हनून सायबानं मले धारेवर धरलं. तीच डबी दोनदा तपासली मी. डबी कोनाची हाये?"

"माहीच."

शाळेच्या फाटकापाशी मुलगा सुरेंद्र कोथिंबिरीच्या जुड्या पोत्यात रचत होता. "माय, आटप वो! बस येऊन राह्यली. तुह्या फोटोपायी बाजार बुडन माहा." शेजारी चंचल तोंडाला पदर लावून उभी होती. कडेवर दोन वर्षांची सपना.

"पोरी, वहीत माहं नाव राहू दे," गयाबाई कुजबुजली. "गोळ्या कोनाच्या पोटात जाते, थे तुले काय करायचं?"

"बरं, लावते तुमचं नाव. मंग लेकराले तुमच्यापासून दूर ठेवतीन. अन् निजवतीन कोनाजवळ?"

गयाबाईने फाटकाकडे पाहिलं. सपना आईच्या तोंडावरचा पदर ओढून हसत होती. अगदी नाकाला नाक लावून.

"चंचलचं नाव लागलं तं तिले माहेरी धाडतीन," गयाबाई म्हणाली.

"धाडाचं काम नाई. तोंडाले मास्क, उघडी खिडकी, रोज गोळ्या. लेकराची तपासनी करू, त्यालेबी औषध देऊ. सगळं घरीच होते आता."

"थे तू म्हनते. घर आइकते?"

साक्षीने वहीत कुणाचंच नाव लिहिलं नाही. तिने पेनाचं टोपण लावून ठेवलं. गयाबाई स्टुलावरून उठली.

"सुरेंद्र! इकडं ये."

"माय, बस..."

"जाऊ दे बस."

तो चिडूनच आला. गयाबाईने पडद्यावरच्या लाल गोलावर बोट ठेवलं.

"हे पाय. तू सपनाएवढा व्हता. मले टीबी झाला तं तुह्या बापानं माहेरी धाडलं. दोन वर्सं. वापस आली तं तू काकूच्या पदराआड लपला. 'हे कोन हाये?' म्हने."

सुरेंद्र त्या गोलाकडे पाहत राहिला.

"डबी चंचलची व्हती. खोकला तिले हाये. अन् थे कुठीबी जानार नाई."

"मले सांगतलं काऊन नाई, माय?"

फाट्यावर बसने दोनदा हॉर्न दिला. मग घरघर लांब लांब गेली. पोतं फाटकापाशीच होतं.

साक्षीने नवी डबी काढून तिच्यावर चंचलचं नाव लिहिलं. चंचल कुणाकडे न पाहता आली. सपनाला कडेवरून उतरवताच तिने भोकाड पसरलं. गयाबाईने हात पुढे केले, पण सुरेंद्रने लेकीला आधीच उचललं होतं. तो व्हरांड्याच्या टोकाला, जिथून स्टूल नीट दिसत होतं, तिथे जाऊन उभा राहिला.

"श्वास धरा," साक्षी म्हणाली.

"रडू नको," सुरेंद्र लेकीला सांगत होता. "थे पाय. तुही माय तिथंच हाये."